येऊरच्या उतारावरचा वणवा : ठाण्यातल्या एका सोसायटीचं प्रकरण

ही हकिकत ठाण्यातल्या एका मोठ्या गृहसंकुलाची आणि त्याच्या भिंतीमागच्या डोंगराची आहे. संकुलाचं, पाड्याचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मी या संकुलात राहते आणि यातल्या बऱ्याच निर्णयांच्या वेळी समितीत होते. चुकलेल्या निर्णयांवरही माझी सही आहे. डोंगराच्या कडेला राहणाऱ्या इतर सोसायट्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

पार्श्वभूमी

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हटलं की बहुतेकांना बोरिवलीचं प्रवेशद्वार, मिनी ट्रेन आणि कान्हेरीच्या लेण्या आठवतात. पण सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या जंगलाचा निम्म्याहून जास्त भाग ठाणे जिल्ह्यात आहे. आपण त्याला सरसकट येऊर म्हणतो. ठाण्यातल्या उपवन तलावाच्या वर जे हिरवं दिसतं ते हेच. डिसेंबर 2016 मध्ये उद्यानाभोवती पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं, पण त्याआधीच टॉवर अगदी पायथ्याला येऊन भिडले होते. आमचं संकुलही त्यातलंच एक. मागच्या भिंतीपलीकडे एक अरुंद पायवाट, ती ओलांडली की उद्यानाची हद्द सुरू. तिथून उतार चढत वर धारेपर्यंत, म्हणजे डोंगराच्या माथ्यावरच्या कडेपर्यंत जातो आणि धारेच्या अलीकडे एका खोलगट जागी वारली कुटुंबांचा पाडा आहे.

आम्ही घरं घेतली ती या डोंगराकडे बघूनच. पावसाळ्यात चौदाव्या मजल्यावरून दिसणारा तो हिरवा पडदा, भिंतीपर्यंत येणारे पाण्याचे आवाज. मार्चमध्ये तोच उतार काळा पडलेला बघितल्यावर लोकांचा जीव कळवळला, तो खरोखर कळवळला. पुढे जे चुकलं ते कळकळ कमी होती म्हणून चुकलं नाही.

हा डोंगर कसा वाळतो

आमची पहिली चूक हवामान न समजण्यात होती, म्हणून थोडं त्याबद्दल.

इथे वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने आभाळ बहुतेक कोरडंच. एवढा पाऊस पडतो म्हणजे जंगल बारमाही ओलं असणार, हा आपला शहरी समज. प्रत्यक्षात हे पानगळीचं जंगल आहे. खाली काळा कातळ, त्यावर उतारावर वीतभर, कुठे जेमतेम चार बोटं माती. चार महिन्यांचं पाणी या मातीत मावत नाही, ते वाहून जातं. दिवाळीनंतर गवत पिवळं पडू लागतं, जानेवारीत सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडतात आणि फेब्रुवारीत अख्खा उतार पेटायला तयार असतो. कान्हेरीत लेण्यालेण्याशी कातळात कोरलेल्या पाण्याच्या पोढ्या आहेत. तिथे वर्षभर राहणाऱ्या भिक्षूंना या आठ महिन्यांचा हिशोब पक्का ठाऊक होता. मी त्या पोढ्या लहानपणी सहलीत बघितल्या होत्या, पण त्या तिथे का आहेत हा प्रश्न मला पन्नाशी उलटेपर्यंत पडला नाही.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. आमचा उतार पूर्वेला तोंड करून आहे, म्हणजे सकाळचं ऊन थेट अंगावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस जमिनीकडून, पूर्वेकडून कोरडा वारा वाहतो आणि समुद्रावरचा वारा दुपारी उशिरापर्यंत आत शिरत नाही. मुंबई-ठाण्यात पारा अचानक चढतो तो बहुतेकदा याच दिवसांत. अशा सकाळी उताराच्या पायथ्याला ठिणगी पडली तर आगीला मागून वारा आणि समोर चढ, दोन्ही अनुकूल. आग चढावर वेगाने पळते, कारण ज्वाला वरचं गवत आधीच भाजून ठेवतात. आणि दुपारी समुद्रवारा आत शिरला की दिशा फिरते. सकाळी एका बाजूला उभं राहून आग विझवणारा माणूस दुपारी त्याच जागी आगीच्या तोंडाशी असतो. हे आम्हाला वनरक्षकांनी सांगितलं, पण ते दुसऱ्या वणव्यानंतर.

पहिला वणवा आणि सहाशे रोपं

2016 च्या पावसाळ्यानंतर उतारावरची कारवी फुलली. उतारांवर दाट वाढणारं हे झुडूप आठ वर्षांनी एकदा फुलतं आणि फुललं की मरतं. निळ्या-जांभळ्या फुलांचे फोटो आम्ही सगळ्यांनी काढले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथे डोक्याइतक्या उंचीच्या वाळक्या काठ्यांचं रान उभं राहणार आहे, हे कुणाच्याच मनात आलं नाही. मार्च 2017 मध्ये ते पेटलं. काठ्या फुटल्याचा ताडताड आवाज घरात ऐकू येत होता.

जूनमध्ये समितीची बैठक झाली आणि तिथे फारशी चर्चा न होता ठरलं की झाडं लावायची. त्या वर्षी राज्यभर जुलैच्या पहिल्या आठवड्यात 4 कोटी झाडं लावण्याची मोहीम होती, वातावरणच तसं होतं. परवानगी रीतसर मिळाली. जांभूळ, आवळा, करंज, बहावा, कडुनिंब अशी सहाशे रोपं आणली. मुलं, म्हातारे, सगळे चिखलात उतरले. तो दिवस मला अजूनही सुंदर वाटतो.

पण दोन गोष्टी तेव्हाच डोळ्यांसमोर होत्या. एक, फूटभर खणलं की पहार कातळावर वाजायची. अर्ध्याअधिक खड्ड्यांत मुळांना जायला जागाच नव्हती. दुसरी जास्त वाईट. खड्डे करायला जागा हवी म्हणून आम्ही आधी उतारावरचा 'झाडोरा' साफ करून घेतला होता. तो झाडोरा म्हणजे जळलेल्या खोडांच्या बुडातून आलेले कुडा, टेंभुर्णी, ऐन यांचे फुटवे होते. जंगल स्वतःहून वर यायला लागलं होतं, ते कोयत्याने छाटून आम्ही तिथे रोपवाटिकेतली रोपं लावली. बरोबर आलेल्या वनमजुरांपैकी एक जण म्हणाला होता, "ताई, हे पण झाडच आहे." मी त्याला म्हटलं, "हो, पण इथे आपल्याला मोठी झाडं हवीत." हे वाक्य मी आजही विसरलेले नाही.

मार्च 2018

नोव्हेंबरपर्यंत रोपं तगली. डिसेंबरपासून दर रविवारी डबे घेऊन पाणी घालायला जायचं ठरलं, पहिल्या रविवारी चाळीस जण, जानेवारीच्या शेवटी पाच. गुरांनी तोंड लावू नये म्हणून प्रत्येक रोपाभोवती बांबूच्या काठ्या आणि हिरवी प्लास्टिकची जाळी होती.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी साडेदहाच्या सुमाराला पायथ्याशी धूर दिसला. वारा पूर्वेचा. दुपारी साडेबारापर्यंत आग धारेवर पोचली, मग वारा फिरला आणि ती आडवी पसरत पाड्याच्या अंगाला गेली. अग्निशमन दलाची गाडी आली, पण पाइप भिंतीपलीकडे जेमतेम शंभर पावलं जातो. वर आग विझवली ती पाड्यावरच्या बाया-माणसांनी आणि वनविभागाच्या सहा-सात जणांनी, ओल्या डहाळ्यांनी झोडपून.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले. जाळ्या वितळून रोपांच्या खोडांना चिकटल्या होत्या. बोटाएवढं खोड, त्याभोवती हिरव्या प्लास्टिकची कडक साल, हाताने निघत नव्हती. नुसतं गवत जळून आग पुढे सरकली असती तर काही रोपांची मुळं तरी वाचली असती. जाळीने आग धरून ठेवली. आणि चारच हातांवर एक कुंभ्याचं झाड, बुंधा कोळशासारखा काळा, पण साल इतकी जाड की आत धग पोचली नसावी. आठवड्याभरात त्याला तांबूस पालवी फुटली. एकाच उतारावर, एकाच आगीत.

आग कुठून आली

हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे असं मला वाटतं.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर त्याच संध्याकाळी निकाल लागला होता : आग पाड्यावरच्या लोकांनी लावली. गुरांना कोवळं गवत मिळावं म्हणून लावतात, मधासाठी लावतात, सशाच्या शिकारीसाठी लावतात, राब भाजतात, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर पाला-काटक्या जाळतात. तक्रारअर्ज तयार झाला, दोन दिवसांत त्रेसष्ट सह्या झाल्या. राष्ट्रीय उद्यानात आग लावणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे, तेव्हा अर्ज साधा नव्हता. त्याने पाड्यावरच्या कुणाला तरी आत जावं लागलं असतं.

अर्ज द्यायला आम्ही तिघं गेलो तेव्हा तिथल्या वनरक्षकांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आधी माझ्याबरोबर चला, आगीचा माग काढू." तो तास मी विसरणार नाही. ते आम्हाला जळालेल्या झाडांचे बुंधे दाखवत होते. आग ज्या बाजूने येते त्या बाजूला काळं कमी उंचीपर्यंत असतं आणि पलीकडे, वाऱ्याच्या आडोशाला, ज्वाला बुंध्याला बिलगून वर चढते, तिथे काळं जास्त उंच असतं. एका झाडावरून काही ठरत नाही. पंधरा-वीस झाडं बघत, प्रत्येक वेळी कमी काळं असलेल्या बाजूला चालत गेलो. आम्ही वर पाड्याकडे जाऊ असं मला वाटत होतं. आम्ही खाली उतरत होतो.

माग आमच्या भिंतीशी येऊन संपला. पंपघरामागे भिंतीला पावसाचं पाणी जाण्यासाठी भोक ठेवलेलं आहे. त्याच्या पलीकडे राखेचा ढीग, त्यात आमच्या बागेतल्या बदामाची अर्धवट जळलेली पानं आणि एका खराट्याचा तुकडा. कचऱ्याची गाडी पाला घेत नाही अशी तक्रार आली तेव्हा 'मागे नेऊन संपवा' असं समितीनेच सफाईवाल्यांना सांगितलं होतं. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्येच उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली होती. आम्हाला ते माहीत नव्हतं, पण माहीत नसल्याने ठिणगी विझत नाही.

इथे दोन वाटा होत्या. गप्प बसून अर्ज मागे घ्यायचा किंवा सांगून टाकायचं. समितीत त्यावर तीन तास वाद झाला. सफाई कामगारावर ढकलावं असंही एक मत होतं. शेवटी पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं की सर्व सभासदांना लेखी कळवायचं आणि पाड्यावर जाऊन माफी मागायची. हा निर्णय एका मताने इकडचा तिकडे गेला असता तर पुढचं काहीच झालं नसतं, हे मी खात्रीने सांगते. कारण पुढचं सगळं पाड्यावरच्या लोकांच्या भरवशावर झालं.

आम्ही गेलो त्या दिवशी तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला अंगणात बसवलं, काळा चहा दिला. आम्ही सांगितलेलं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "राब आम्ही भाजतो, खोटं का बोलू? पण संध्याकाळी, वारा पडल्यावर. आणि आधी चारी बाजूंनी उकरून घेतो. आमची घरं गवताच्या पलीकडे आहेत बाई, आम्हाला आगीची भीती तुमच्यापेक्षा जास्त."

झाडांविषयी मी विचारलं तेव्हा ते उठले आणि आम्हाला खाली उतारावर घेऊन गेले. टेंभुर्णीचा एक काडीएवढा जळका फुटवा होता, त्याच्या बुडाची माती त्यांनी काठीने उकरली. खाली मनगटाएवढं जाड, गाठींनी भरलेलं मूळ. दर वर्षी जळायचं, दर वर्षी पुन्हा वर यायचं. "झाड इथे आहेच," ते म्हणाले. "त्याला तीन-चार वर्षं जळू देऊ नका. लावायचं नंतर बघा."

समोर असलेले पर्याय

एप्रिल ते सप्टेंबर 2018 आम्ही यावर विचार करत होतो.

पुन्हा वृक्षारोपण, या वेळी ठिबक आणि टाकी बसवून, हा सर्वात लोकप्रिय पर्याय होता. एका कंपनीचा सामाजिक निधी मिळणार होता, फोटो आणि फलक यायचे होते. पण राष्ट्रीय उद्यानात पाण्याची पाइपलाइन टाकायची तर परवानगीचा प्रश्न, आणि खाली कातळ तोच.

भिंत उंच करून वर तार लावावी असं काही सभासदांचं म्हणणं होतं, त्यामागे आगीपेक्षा बिबट्याची धास्ती जास्त होती. 2015 च्या कॅमेरा ट्रॅप मोजणीत या उद्यानात आणि परिसरात 35 बिबटे नोंदले गेले, ही बातमी सगळ्यांनी वाचली होती. भिंतीने वणवा थांबत नाही, एवढं सांगून तो विषय वेगळा काढला.

तिसरा पर्याय जाळरेषेचा. वनविभाग हिवाळ्यात जंगलात ठरावीक रुंदीचे पट्टे गवत आणि पाला काढून मोकळे करतो, म्हणजे आग तिथे आली की तिला खायला काही मिळत नाही. पट्टा दोन प्रकारे होतो. गवत कापून, पाला झाडून. किंवा डिसेंबर-जानेवारीत, सकाळी दव असताना, माणसं उभी करून पट्टा आधीच जाळून टाकायचा. दुसरी पद्धत स्वस्त आणि झटपट. वनरक्षकांना ती सवयीची होती. आमच्या लोकांना डोळ्यांसमोर मुद्दाम लावलेली आग सहन होणार नव्हती, आणि इमारतींच्या इतक्या जवळ ती करू नये असं वनविभागालाही वाटलं. म्हणून कापायचं ठरलं.

चौथा पर्याय एका आजींनी सभेत मांडला. "आपण आपला पाला जाळायचं थांबवू. बाकी काही जमलं नाही तरी तेवढं करू." तेव्हा तो फार छोटा वाटला होता.

काय केलं

चौथ्या पर्यायापासूनच सुरुवात झाली, कारण त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. बागेच्या कोपऱ्यात पाल्याचे चार खड्डे, वर माती आणि शेणाचं पाणी. भिंतीच्या भोकाला बारीक लोखंडी जाळी. सफाईवाल्यांना लेखी सूचना, आणि पाला उचलून खड्ड्यात टाकायला जादा तास धरून जादा पैसे. हे शेवटचं महत्त्वाचं होतं. पाला जाळतात कारण तो वाहून नेण्यापेक्षा जाळणं सोपं असतं, म्हणून त्या श्रमाची किंमत दिली.

जाळरेषेसाठी सर्वसाधारण सभेत पैसे मागितले तेव्हा विरोध झाला. "पैसे देऊन गवत कापून घ्यायचं?" हा प्रश्न चुकीचा नव्हता, कापलेल्या गवताचा फोटो कोण लावणार? वृक्षारोपणाचा राखून ठेवलेला निधी इकडे वळवायला सभेने शेवटी एका वर्षापुरती मान्यता दिली.

काम स्वयंसेवकांनी करायचं की मजुरीने, हा पुढचा निर्णय. रविवारच्या डब्यांचा अनुभव ताजा होता. म्हणून पाड्यावरच्या अकरा जणांना मजुरी देऊन, वनरक्षकांच्या देखरेखीखाली काम करायचं ठरलं. डिसेंबर 2018 च्या मध्याला सुरुवात झाली, कोयते, विळे, दाताळी आणि वनविभागाचा एक ब्लोअर. रेषा एकदा काढून भागत नाही. साग आणि ऐन फेब्रुवारीभर पानं टाकत राहतात, दहा दिवसांत मोकळा पट्टा पुन्हा पाल्याने भरतो. हे आम्ही धरलंच नव्हतं. फेब्रुवारीच्या मध्याला पैसे संपले आणि दोन आठवडे मजुरी थकली. पाड्यावरच्या बायका त्या दोन आठवड्यांतही झाडत होत्या. पैसे नंतर दिले, पण ती थकबाकी आम्ही ठेवायला नको होती.

नजर ठेवण्यासाठी भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या उपग्रह सूचनांसाठी मोबाइल क्रमांक नोंदवले. ही सोय मोठ्या जंगलात फार मोलाची आहे. पण उपग्रह ठरावीक वेळीच वरून जातो, आणि त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 375 मीटर किंवा त्याहून जास्त. आमचा उतार दोन तासांत जळून मोकळा होतो. मग चौथ्या विंगेतल्या एका निवृत्त काकांनी सुचवलं की मचाण आपल्याकडे आहेच. बाराव्या मजल्याच्या वर डोंगराकडे तोंड असलेली सत्तावीस घरं होती. त्यातल्या एकोणीस घरांनी फेब्रुवारी ते मे वेळा वाटून घेतल्या. धूर दिसला की एकच फोन वनरक्षकांना, दुसरा पाड्यावर. गटावर नंतर. हा क्रम आम्ही लिहून दाराच्या आतून चिकटवला होता.

एप्रिल 2019 मध्ये परीक्षा झाली. वर धारेवर रात्री कुणीतरी बसून गेलं होतं, बाटल्या आणि चुलीचे दगड नंतर सापडले. पहाटे साडेपाचला एका आजोबांना लाल रेघ दिसली. आग उताराने खाली येत होती, त्यामुळे सावकाश. जाळरेषेवर ती दोन ठिकाणी थांबली, आम्ही वरून बघत होतो, अक्षरशः रेघ ओढल्यासारखी. तिसऱ्या ठिकाणी मात्र पलीकडे उडाली. तिथे ओहोळाची खोल नाळ होती आणि तिच्या दोन्ही काठांना 2016 ची मेलेली कारवी, 2017 च्या आगीतून सुटलेली, तशीच उभी होती. रेषा काढताना नाळ आहे, तिथे ओलावा असेल, असं धरून ती जागा सोडली होती. एप्रिलमध्ये ती नाळ ठणठणीत कोरडी असते. पाड्यावरच्या त्या बाबांनी नंतर सांगितलं की पूर्वी फुलून गेलेली कारवी लोक कुडाच्या भिंतींसाठी तोडून न्यायचे, आता उद्यानातून काही उचलता येत नाही, आणि घरंही विटांची झाली. ते कुणावर दोष ठेवून बोलत नव्हते. पण मला हे फार महत्त्वाचं वाटलं. पेटणारा माल दर आठ वर्षांनी साठतो आणि तो हलवणारी माणसं आता उरलेली नाहीत.

तरीही त्या वर्षी उताराचा साधारण पाचवा हिस्साच जळला.

लॉकडाऊनचा उन्हाळा

2020 मध्ये रेषा जानेवारीतच पूर्ण झाली होती, पण मार्चच्या शेवटी सगळं बंद झालं. फेरझाडणी करायची की नाही हा खरा पेच होता. पाड्यावरच्या लोकांची रोजंदारी बुडाली होती, त्यांना काम हवं होतं. पण काम करायला बोलावून त्यांना आजाराच्या तोंडी देणंही बरं नव्हतं. वनविभागाशी बोलून असं ठरलं की पाड्यावरच्याच दोन कुटुंबांनी आपल्या बाजूचा पट्टा झाडावा, बाहेरचं कुणी जाणार नाही, आणि मजुरी थेट खात्यात. खालची बाजू तशीच सोडली. टॉवरमधलं मचाण मात्र त्या वर्षी भरलेलं होतं, घरात बसून माणसं दुसरं काय करणार?

त्या उन्हाळ्यात उतार अजिबात जळला नाही. ते आमच्या कामाचं फळ आहे असं काही सभासद अजूनही सांगतात. मला ते पटत नाही. डोंगरावर रात्री बसायला येणारं कुणी नव्हतं, हे त्याचं मोठं कारण असणार. 2021 मध्येही मोसम तुलनेने लवकर संपला, 17 मे रोजी तौक्ते वादळाने सगळं भिजवून टाकलं.

निष्पन्न

मार्च 2021 मध्ये आम्ही मोजणी केली. सहाशे रोपांपैकी जिवंत सापडली एकेचाळीस, बहुतेक करंज आणि ओहोळाच्या काठची. दोरी लावून आखलेल्या दहा बाय दहा मीटरच्या एका तुकड्यात 2018 साली कमरेच्या वर गेलेले फुटवे नऊ होते, ते बावन्न झाले होते. ऐन, कुडा, टेंभुर्णी, दोन शिवण, एक बिब्बा. त्यातलं एकही आम्ही लावलेलं नव्हतं.

पाड्याखालचा पाण्याचा झिरा पूर्वी नाताळच्या आसपास आटायचा, तो त्या वर्षी फेब्रुवारीपर्यंत टिकला असं तिथल्या बायकांनी सांगितलं. न जळालेला पाला पाणी धरून ठेवतो हे खरं, पण 2019 आणि 2020 दोन्ही वर्षी पाऊस सरासरीपेक्षा बराच जास्त झाला होता. श्रेय कुणाला किती, हे त्या दोन वर्षांवरून सांगता येणार नाही.

नुकसानही झालं, तेही सांगायला हवं. उताराच्या डाव्या अंगाला रेषा आम्ही सरळ वरून खाली काढली होती, नकाशावर ती सोपी दिसते म्हणून. 2019 च्या पावसात त्या उघड्या पट्ट्यातून पाणी धावलं आणि तिथे गुडघाभर खोल घळ पडली. वीतभर माती असलेल्या डोंगरावर हे न भरून येणारं नुकसान आहे. आणि मोकळ्या, उन्हाच्या पट्ट्यात रानमोडी आणि घाणेरी ही झपाट्याने पसरणारी परकी झुडपं घुसली. दर सप्टेंबरला ती फुलायच्या आत मुळासकट उपटावी लागते, त्यासाठी वेगळा खर्च.

पुन्हा करायचं झालं तर

खणायच्या आधी एक उन्हाळा नुसतं बघत बसेन. कुठे काय उगवतंय, आग कुठून येते, पाणी कधी आटतं. आणि पाड्यावर पहिल्या दिवशी जाईन, अर्ज लिहून झाल्यावर नाही.

रेषा धारेने आणि उताराला आडवी काढेन, सरळ खाली कधीच नाही. रुंदीही कमी ठेवेन. आम्ही भीतीपोटी सहा मीटर काढली, पाड्यावरचे लोक पहिल्यापासून म्हणत होते की गवत गुडघाभर असलेल्या जागी तीन पुरेत, रुंदी हवी ती फक्त कारवीच्या रानाशी. झुडपं न तोडता खालचा पालाच तेवढा काढला असता तर रानमोडीला इतकी जागा मिळाली नसती.

पैशाची तरतूद मेपर्यंतची करेन आणि ती रेषा काढण्यापेक्षा झाडण्यासाठी जास्त ठेवेन.

एका गोष्टीवर माझं मत अजून डळमळीत आहे : दव असताना पट्टा जाळण्याचा पर्याय आम्ही फार लवकर बाजूला ठेवला का? कापून, झाडून होणारं काम दर दहा दिवसांनी नव्याने करावं लागतं. अनुभवी माणसं हाताशी असताना, इमारतींपासून दूर वरच्या धारेवर ते करता आलं असतं असं आमचे वनरक्षक म्हणतात. समितीतल्या निम्म्या लोकांना अजूनही ते पटत नाही.

कारवीचा आठ वर्षांचा फेरा 2024 मध्ये पुन्हा पुरा झाला. ऑक्टोबरमध्ये मुलांना घेऊन आम्ही भिंतीपाशी उभं राहून फुलं बघितली. जानेवारी 2025 मध्ये काम सुरू झालं तेव्हा पहिला कोयता ओहोळाच्या त्या नाळेच्या काठावर चालवला. वनविभागाच्या माणसांसमोर नाळेच्या दोन्ही बाजूंची वाळकी कारवी कापून दहा-दहा पावलं जागा मोकळी केली आणि काठ्या तिथेच, रेषेपासून दूर, आडव्या रचून ठेवल्या. बाबा आता थकलेत, ते खाली उतरत नाहीत. त्यांचा नातू रेषेवर मुकादम आहे.